पावसाळी ट्रेकसाठी बूट घेताय? आधी सोल बघा, वॉटरप्रूफचं नंतर

जून जवळ आला की विचारणा सुरू होते, ट्रेकसाठी बूट घ्यायचेत, वॉटरप्रूफच घेऊ ना? माझं मत सरळ आहे, सह्याद्रीत पावसात फिरायचं असेल तर आधी ग्रिप, मग फिटिंग, मग वजन आणि वॉटरप्रूफ सगळ्यात शेवटी. दुकानात बरोब्बर उलट्या क्रमाने सांगतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडचा दगड म्हणजे काळा बसाल्ट, कोरडा असला की जवळपास कुठलाही बूट धरतो पण जुलैत तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर जाताना रेलिंगचा कातळटप्पा लागतो ना, तिथे किंवा कळसूबाईच्या ओल्या लोखंडी शिड्यांवर कडक सोल सरकतो म्हणजे सरकतोच. म्हणून दुकानात बूट उलटा करा आणि सोलमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघा, रबर थोडं दबून परत वर आलं पाहिजे. नख नुसतंच घसरलं आणि सोल प्लास्टिकसारखा चकचकीत वाटला तर तो जोड खाली ठेवा, कितीही डिस्काउंट असो. मऊ रबर लवकर झिजतं हे खरंय, पण मी तरी ग्रिपच निवडेन. खालचे दात ४-५ मिमी खोल हवेत आणि त्यांच्यात मोकळी जागा हवी, नाहीतर चिखल अडकून सोल सपाट होतो आणि घसाऱ्यावर (सुट्या मातीदगडांच्या उतारावर) उतरताना तुमचे हाल. व्हिब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचं नाव सोलवर दिसलं तर चांगलंच, १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला, त्यात बुटांचाही दोष होता असं मानलं गेलं आणि त्यांच्या मित्राने, व्हिटाले ब्रामानीने, हा दातेरी रबरी सोल आणला. पण हिरव्या शेवाळावर जगातला कुठलाच बूट धरत नाही, तिथे बाजूने वाट काढा नाहीतर बसून उतरा, त्यात कमीपणा काही नाही.

आता वॉटरप्रूफ. अशा बुटात आतून गोअर-टेक्ससारखा पातळ पडदा असतो, त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. छान आहे, फक्त ती वाफ बाहेर जायला बाहेरची हवा थोडी तरी कोरडी लागते, आणि आपल्या पावसाळ्यात हवाच भिजलेली असते त्यामुळे घाम आतच राहतो. शिवाय पाणी पडद्यातून नाही तर वरून घोट्याकडून येतं, अंधारबनसारख्या वाटेवर गुडघाभर ओढा ओलांडला की बूट भरला, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तो बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पचपच करत चालायचं. त्यापेक्षा जाळीचा, पाणी निथळणारा बूट आणि लोकरी किंवा सिंथेटिक मोजे (सुती अजिबात नकोत, भिजले की फोड आलेच म्हणून समजा). हां, हिवाळ्यात उत्तराखंडात केदारकंठाला बर्फात जाणार असाल तर मात्र वॉटरप्रूफच घ्या, तिथे भिजलेला पाय म्हणजे थंडीने बधिर झालेला पाय.

वजनाचं गणित असं की पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा चार-पाच पट जास्त दमवतं. एक दिवसाच्या ट्रेकला घोट्याखालचा, जोडी ८०० ग्रॅमच्या आत असलेला बूट पुरतो, जड सॅक घेऊन तीन-चार दिवस चालायचं असेल तर घोटा झाकणारा घ्या.

ट्राय संध्याकाळीच करा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात, आणि ट्रेकचेच मोजे घालून. लेस घट्ट बांधून दुकानातल्या उतारावर किंवा जिन्यावरून खाली उतरून बघा, बोटं पुढे टेकता कामा नयेत, टेकली तर राजगड उतरेपर्यंत नखं काळीनिळी. टाच मात्र उचलली जायला नको.

टिकाऊपणासाठी पुढे बोटांवर रबरी टो कॅप आहे का बघा आणि जिथे बूट वाकतो तिथे शिलाई कमी असलेली बरी, फाटायला सुरुवात तिथूनच होते. सोल नुसता चिकटवलेला असेल तर मोच्याकडून कडेने शिवून घ्या, आपल्याकडे बरेच ट्रेकर करतात (वॉटरप्रूफ बुटाला करू नका, टाक्यांतून पाणी शिरतं). आणि सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) असेल तर दमट हवेत तो न वापरताही आतून खराब होतो, वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवलेला जोड वाटेतच सोल सोडतो तो यामुळे. ट्रेकच्या आठवडाभर आधी बूट काढा, दोन्ही हातांनी जोरात वाकवा, सोल आणि वरचा भाग यांच्यात फट दिसली किंवा भुगा पडला तर दुसरा बघा. परत आल्यावर आतला पातळ तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली वाळवा, चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने नको, गोंद सुटतो.