नामिबियाला निघण्याआधी

ताडोब्याला जायचं म्हटलं की आपण आधी गेट बघतो, मग जिप्सी, आणि मुक्कामाचं शेवटी कुठेतरी जमवतो. नामिबियाला मुक्कामापासून सुरुवात करा. तिथे हत्ती, गेंडे आणि सिंह फक्त राष्ट्रीय उद्यानांत नसतात, माणसं जिथे शेळ्या-गुरं चारतात त्याच माळांवरही असतात. १९९६ च्या कायदादुरुस्तीने या सामूहिक जमिनींवरच्या लोकांना कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून सांभाळायचं वन्यजीव क्षेत्र, नोंदवायची मुभा दिली आणि वन्यप्राणी व पर्यटन यांतून येणारं उत्पन्न त्यांच्या हाती आलं. १९९८ मध्ये पहिल्या चार नोंदल्या गेल्या, आता ८० हून अधिक आहेत आणि देशाची साधारण पाचवा हिस्सा जमीन त्यांत येते. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी एवढंच विचारा: हा लॉज कोणत्या कॉन्झर्व्हन्सीत आहे आणि तिला नेमकं काय मिळतं? जागेचं भाडं, उत्पन्नात वाटा, की नुसत्या चार नोकऱ्या? उत्तर गोलगोल आलं तर थेट लॉजला ईमेल टाका. वायव्येच्या दामारालँड भागातल्या ग्रूटबर्ग लॉजची मालकीच कॉन्झर्व्हन्सीकडे आहे, आणि तोरा कॉन्झर्व्हन्सीचा दामारालँड कॅम्पशी जुना करार आहे. अशा ठिकाणी निदान दोन रात्री ठेवा, भले एतोशा या मोठ्या राष्ट्रीय उद्यानातली एक कमी होवो.

गावाला पैसा का मिळायला हवा, याचा हिशेब साधा आहे. कोरड्या दिवसांत हत्ती रात्री वस्तीवर येतो, पाण्याची टाकी फोडतो, पाइप उपटतो. त्या बोअरच्या पंपाचं डिझेल गावकऱ्यांच्या खिशातून आलेलं असतं. काही वस्त्यांवर टाकीभोवती दगडी भिंत घातलेली दिसेल. हत्तीला बाहेरच्या हौदात पाणी मिळावं आणि टाकी-पंप वाचावेत म्हणून. गाइडला सांगून अशी एक भिंत जरूर बघा. काही कॉन्झर्व्हन्सींचं उत्पन्न शिकारीच्या परवान्यांतूनही येतं. मला ते रुचत नाही. पण ज्या माळावर पर्यटक फिरकतच नाही तिथे हत्तीचं नुकसान कोण भरून देणार, हे विचारल्याशिवाय फेसबुकवर निकाल देऊ नये.

एतोशात मुक्काम उद्यानाच्या आतच घ्या, म्हणजे तिथल्या ओकाउकुएयो कॅम्पच्या प्रकाशझोतातल्या पाणवठ्यावर रात्री काळा गेंडा दिसायची संधी मिळते. मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, जनावरं पाण्यापाशी एकवटतात, त्यामुळे या खोल्या फार आधी भरतात. जून-जुलैत पहाटे कडाक्याची थंडी असते. स्वेटर, कानटोपी न्या, खाकी कपड्यांच्या खरेदीवर पैसे उधळू नका.

विमानाचं तिकीट काढताना मधला थांबा बघा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असाल तर पीतज्वराच्या लशीचा नियम दोन्ही बाजूंनी तपासा, तिकडे उतरताना आणि भारतात परतताना. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एतोशा आणि त्याच्या उत्तरेला मलेरियाचा धोका पावसाळ्यात जास्त, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाच्या वेबसाइटवर बघा.

गाडी स्वतः चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि खडीच्या रस्त्यावर फसतात. तिथे ताशी ८० च्या वर जाऊ नका. वळणावर ब्रेक मारला की गाडी सरकते. दोन स्टेपनी मागा, विम्यात टायर आणि काच येते का ते वाचा, आणि राजधानी विंडहुकमध्ये गाडी ताब्यात घेताना जॅक बाहेर काढून एकदा चाक बदलून बघा. कंपनीचा माणूस घड्याळ बघेल, बघू दे. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं. रात्री रस्त्यावर कुडू, म्हणजे तिथलं मोठं हरीण, आडवा येतो.

चार्जिंगसाठी दुकानातला महागडा अ‍ॅडॉप्टर नको. तिथली मोठ्या तीन गोल पिनांची पॉइंट्स आपल्या गीझरच्या पॉइंटसारखीच असतात, त्यामुळे इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा पंधरा अँपिअरचा कन्व्हर्टर चालतो. शाकाहारी असाल तर लॉजला आधीच कळवा. डब्यात मेतकूट, थेपले असावेतच. राष्ट्रीय उद्यानांत प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कापडी न्या. दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे चालतो, पण उरलेले नामिबियन डॉलर बाहेर कुणी घेत नाही, ते निघण्याआधी संपवा.

हिंबा या पशुपालक जमातीच्या वस्तीवर जायचं तर स्थानिक गाइडबरोबरच. आधी ‘मोरो’ (त्यांचा नमस्कार) म्हणा, बसा, बोला, कॅमेरा नंतर आणि विचारूनच. मुलांना चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर बायकांनी विणलेली टोपली विकत घ्या, फार घासाघीस न करता. आणि फोनमधलं लोकेशन घरूनच बंद करून निघा. गेंड्याचा फोटो टाकलात तरी जागेचं नाव लिहू नका, ती माहिती शिकारचोरांना पुरते.