साथ ओसरू लागल्यासारखी वाटताना होणाऱ्या या चुका टाळा

ठाण्यातील वर्तकनगर भागातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पायाने दाबायचा सॅनिटायझरचा एक स्टँड होता. कोरोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, तो आणला तेव्हा बाटली दर तीन दिवसांनी भरावी लागे, आणि ती रिकामी दिसली की सचिव म्हणून मला दिवसभरात किमान चार फोन येत. जानेवारी २०२१ मध्ये ती बाटली संपली आणि ते माझ्या लक्षात आले फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या काळात एकाही सभासदाची तक्रार नव्हती. मी वॉचमनला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, लोक पाय दाबतात, हात चोळतात आणि लिफ्टकडे जातात. बाटलीकडे कोण बघतो?" त्यानंतर मी दहा मिनिटे तिथेच उभा राहिलो, आणि खरोखरच दोन गृहस्थ कोरडे हात चोळत माझ्यासमोरून निघून गेले.

साथीच्या काळातील बेफिकिरी म्हटली की आपल्यासमोर मास्क झुगारून देणारा, पोलिसांशी हुज्जत घालणारा माणूस उभा राहतो. असे लोक होते, पण ते थोडे होते आणि ते ओळखूही येत. मोठे नुकसान होते ते नियम पाळत असल्याच्या समाधानात असलेल्या, सुशिक्षित आणि एरवी काळजीपूर्वक वागणाऱ्या लोकांच्या ढिलाईने, कारण तिच्यामागे दरवेळी काहीतरी पटण्याजोगे कारण असते. त्यातील काही कारणे आणि त्यांवरचे उपाय पुढे देत आहे. यातील बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत किंवा माझ्या सहीच्या नोटिशीने घडलेल्या आहेत.

आजचा आकडा आजचाच समजणे

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात, लक्षणे दिसल्यापासून चाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत आणखी दोन-चार दिवस जातात, आणि रुग्णाला प्राणवायूची गरज लागली तर ती बहुधा त्यानंतरच्या आठवड्यात लागते. म्हणजे महापालिकेच्या आजच्या पत्रकात जो आकडा असतो तो सुमारे आठ-दहा दिवसांपूर्वीच्या गर्दीचा असतो, आणि रुग्णालयातील रिकाम्या खाटा त्याहूनही जुने चित्र दाखवत असतात. खाटा रिकाम्या आहेत म्हणून हॉलचे बुकिंग करणारा माणूस मागच्या महिन्याचे वर्तमानपत्र वाचून आजची छत्री घरी ठेवत असतो.

दुसरी अडचण वाढीच्या वेगाची आहे. फेब्रुवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात दिवसाला साधारण दोन ते तीन हजार नवे रुग्ण नोंदले जात होते. २१ मार्चला हा आकडा ३० हजारांच्या पुढे गेला आणि १८ एप्रिलला ६८ हजारांच्या पुढे. दहा आठवड्यांत ही सुमारे तीस पट वाढ झाली, पण तिचा हिशेब मांडला तर ती सरासरी दर पंधरवड्याला दुप्पट एवढीच भरते. पंधरवड्याला दुप्पट हा वेग कोणालाही घाबरवत नाही. एखाद्या प्रभागात चाळीसचे ऐंशी झाले तर आपण "थोडे वाढलेत" म्हणतो, ऐंशीचे एकशे साठ झाले तर "बघू या आणखी आठवडाभर" म्हणतो, आणि ज्या दिवशी आकडा डोळ्यांत भरतो त्या दिवशी पुढच्या दुपटीची बीजे आधीच पेरली गेलेली असतात. अमरावती-अकोल्याकडून वाढीच्या बातम्या फेब्रुवारीच्या मध्यालाच येत होत्या. आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत त्यावर "विदर्भ कुठे, ठाणे कुठे" असे एक वाक्य बोलले गेले आणि बैठक पार्किंगच्या विषयाकडे वळली.

यावर उपाय असा की निव्वळ रुग्णसंख्या पाहणे सोडून द्यावे आणि शंभर चाचण्यांमागे किती जण बाधित निघाले ते पाहावे. चाचण्या कमी केल्या की रुग्णसंख्या आपोआप कमी दिसते, परंतु बाधितांचे हे प्रमाण सहजासहजी झाकले जात नाही. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंध शिथिल करण्यासाठी जे पाच स्तर ठरवले, ते याच प्रमाणावर आणि प्राणवायूच्या किती खाटा भरल्या आहेत यावर आधारलेले होते. पहिल्या स्तरासाठी प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि भरलेल्या खाटा पंचवीस टक्क्यांच्या आत असणे आवश्यक होते. सामान्य नागरिकानेही हे दोन आकडे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी पाहावेत. रोज पाहिले तर मन बधिर होते आणि महिन्याने पाहिले तर उशीर झालेला असतो.

पहिला तडाखा सौम्य गेला म्हणून पुढचाही तसाच जाईल, हा समज तर शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईत जून १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची जी पहिली लाट आली ती तुलनेने सौम्य होती. खरा संहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाला, आणि त्या साथीत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असे बहुतेक अंदाज सांगतात.

देखावा चालू, खबरदारी बंद

आमच्या फाटकावर तापमान मोजण्याची बंदूक होती. ती मनगटावर धरली जाई आणि उन्हातून आलेल्या माणसाचे तापमानही ३४ अंश दाखवी. चौतीस अंश तापमानाचा माणूस खरे तर दवाखान्यातच न्यायला हवा, पण वॉचमन तो आकडा वहीत लिहून घेई आणि आम्ही महिनाअखेरीस त्या वहीवर सह्या करत असू. वही पूर्ण भरलेली असल्यामुळे आपण काळजी घेत आहोत, असे सर्वांना वाटत राही. शिवाय हा आजार लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू शकतो, त्यामुळे बंदूक अचूक असती तरी अशी माणसे तिच्यातून निसटलीच असती.

याच काळात ज्या गोष्टीने खरा फरक पडला असता ती आम्ही केली नाही. ती गोष्ट म्हणजे हवा. विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे, बोलण्यावाटे, बंदिस्त जागेत साचून पसरतो हे एकदा लक्षात घेतले की भाज्या साबणाने धुण्यापेक्षा खिडकी उघडणे अधिक मोलाचे ठरते. सोसायटीच्या कार्यालयाची खिडकी मात्र डासांमुळे बंदच असे, आणि मासिक सभा आम्ही त्याच खोलीत, दार लावून, पंधरा जणांत घेतली. मास्क सगळ्यांच्या तोंडावर होता. फक्त बोलायला उठणारा प्रत्येक जण आवाज नीट पोहोचावा म्हणून तो हनुवटीखाली ओढून बोलत होता. रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यांत आणि ऐरोलीच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्यांनी मला हीच कथा जेवणाच्या वेळेसंबंधी सांगितली आहे. आठ तास मास्क लावून काम केलेले सहकारी अर्धा तास एकाच टेबलाशी, एअर कंडिशनरखाली, डबे मध्ये ठेवून गप्पा मारत जेवत.

ही चूक दुरुस्त करायची असेल तर आपल्या दिवसातील असा अर्धा तास शोधावा. प्रत्येकाचा एक असतोच, आणि नेमका तोच कोणत्याही वहीत नोंदलेला नसतो.

येथे एक गोष्ट नियम करणाऱ्यांसाठीही सांगितली पाहिजे. २०२० मध्ये आम्ही दूधपिशव्यांपासून लिफ्टच्या बटणांपर्यंत सगळ्यांवर फवारण्या केल्या, वर्तमानपत्रे बंद केली आणि कुरिअरची खोकी चोवीस तास बाहेर ठेवली. लोकांच्या संयमाचा साठा मर्यादित असतो आणि तो आम्ही क्षुल्लक गोष्टींवर उधळला. पुढे महत्त्वाचे दोन-तीनच नियम पाळण्याची वेळ आली तेव्हा लोक सगळ्यांनाच कंटाळले होते. सुरुवातीला नियम थोडे आणि टिकणारे ठेवणे हाच पुढच्या ढिलाईवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

"सगळी आपलीच माणसे"

ठाणे, कळवा, दिवा, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी असते. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा असताना पत्रिकेवर पन्नासांचा हिशेब काटेकोरपणे पाळला जाई आणि आदल्या रात्री गावकीची तीनशे माणसे मांडवात असत. त्यात कोणाला कायदा मोडल्यासारखे वाटत नसे, कारण आलेले सगळे भावकीतले असत. माणूस ओळखीचा असला की तो निरोगी वाटतो, हा भ्रम विषाणूच्या फार सोयीचा आहे. बाजारात अनोळखी गर्दीत आपण सावध असतो. जांभळी नाक्यावर भाजी घेताना मास्क नाकावर असतो आणि मावशीच्या घरी पोहोचल्यावर तो खिशात जातो.

आमच्या सोसायटीने याच्या जोडीला एक लाजिरवाणा प्रकार केला. घरकाम करणाऱ्या बायकांना दोन महिने प्रवेश बंद ठेवला, त्या पुन्हा येऊ लागल्यावर त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट ठरवली, आणि जानेवारी २०२१ मध्ये गच्चीवर सभासदांची हुरडा पार्टी झाली. रोग बाहेरून, खालच्या वर्गाकडून येतो अशी एकदा समजूत झाली की आतल्या लोकांची खबरदारी सर्वांत आधी सुटते. नोटीस लिहिताना एवढी एकच कसोटी लावावी: जो नियम सभासदाच्या जावयाला लागू करता येणार नाही, तो कामवालीला लागू करू नये.

लस घेतली, आजार होऊन गेला

लसीने गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून मोठे संरक्षण मिळाले हे निर्विवाद आहे. चूक होते ती वेळेच्या हिशेबात. पहिली मात्रा घेऊन केंद्रातून बाहेर पडतानाच मास्क काढणारे मी पाहिले आहेत, तर पुरेसे संरक्षण तयार व्हायला दुसऱ्या मात्रेनंतरही साधारण दोन आठवडे लागतात. "मला होऊन गेलाय" म्हणणाऱ्यांचा समज डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओमायक्रॉनने मोडला, कारण त्याचा संसर्ग आधी आजारी पडलेल्यांना आणि लस घेतलेल्यांनाही झाला. राज्यातील त्याचा पहिला रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, डोंबिवलीत सापडला होता.

"एसीमुळे घसा धरलाय"

मार्च २०२१ मध्ये माझा घसा दुखू लागला तेव्हा मी हेच वाक्य म्हणालो, तापाची गोळी घेतली आणि दोन दिवस कंपनीच्या बंद खिडक्यांच्या बसने तुर्भ्याला जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी झटपट निकाल देणारी अँटिजेन चाचणी केली. ती निगेटिव्ह आली आणि मी घरात सगळ्यांमध्ये बसून जेवलो. चौथ्या दिवशी वास येईनासा झाला, तेव्हा प्रयोगशाळेतली, अधिक भरवशाची आरटी-पीसीआर चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. तोवर आईला ताप आला होता.

यातील प्रत्येक पायरी टाळता येण्याजोगी होती. साथ चालू असताना घसा, ताप, खोकला किंवा विचित्र थकवा यांना आधी साथीचाच आजार समजावे आणि तपासणीने तसे नसल्याचे सिद्ध होऊ द्यावे. तापाची गोळी ताप उतरवते, संसर्ग नाही. लक्षणे असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर ती सुटका समजू नये, आरटी-पीसीआर करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहावे.

घरी उपचार चालू असताना ऑक्सिमीटरकडे, म्हणजे बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याच्या यंत्राकडे, दुर्लक्ष करणे ही याच्या पुढची आणि अधिक महागात पडणारी चूक आहे. या आजारात दम न लागताही रक्तातील प्राणवायू घसरू शकतो, त्यामुळे "बरे वाटतेय" या उत्तरावर विसंबू नये. दिवसातून तीन-चार वेळा, बोट कोमट असताना आणि नखाला रंग नसताना मोजावे. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा सहा मिनिटे घरातल्या घरात चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करावा. शेजाऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवरून औषधे आणणे तर सर्वस्वी टाळावे. स्टेरॉइडचा लाभ प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना झाला. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना तो झाला नाही, आणि मधुमेह असलेल्या ज्यांनी ती बेतालपणे घेतली त्यांच्यापैकी काहींना २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसशी (काळ्या बुरशीच्या आजाराशी) झुंजावे लागले.

आईला सुदैवाने रुग्णालयात न्यावे लागले नाही. अकराव्या दिवशी तिने स्वतःच ऑक्सिमीटर बोटाला लावून "सत्त्याण्णव, आता चहा टाक" असे सांगितले. ते यंत्र आता सोसायटीच्या कार्यालयातील कपाटात आहे, सोबत दोन डझन चांगले मास्क आणि जवळच्या रुग्णवाहिकांचे क्रमांक लिहिलेला कागद आहे. सेल गळून यंत्र खराब होऊ नये म्हणून ते काढून वेगळ्या पुडीत ठेवले आहेत, आणि दर वार्षिक सभेआधी एकदा घालून पाहण्याचे काम नव्या सचिवांच्या यादीत लिहिले आहे. कार्यालयाच्या खिडकीला जाळीही बसवली आहे.