कण हलत नाहीत? चुंबक बदलण्याआधी पाणी बघा : या चुका टाळा

जानेवारी उजाडला की सांगलीत पाण्यातले बारीक कण विजेने किंवा चुंबकाने हलवून दाखवणाऱ्या प्रोजेक्टवाल्यांची पळापळ सुरू होते आणि विश्रामबागेतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये ठरलेली तक्रार येते : "सर, व्होल्टेज वाढवलं, चुंबक बदललं, तरी कण ढिम्म हलत नाहीत." किंवा "हलतात, पण भलतीकडेच." मी आधी विचारतो, पाणी कुठलं घेतलं? बहुतेक वेळा घोटाळा तिथेच सापडतो.

पाणी घरच्या बोअरचं असतं. आमच्या बोअरला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लिटरला 900 मिलिग्रॅम दाखवतो. एवढे क्षार असले की कणावरच्या विद्युत भाराभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचं कोंडाळं जमतं. अगदी शुद्ध पाण्यात भाराचा प्रभाव सुमारे 1 मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरचा हजारावा भाग) पोचतो. बोअरच्या पाण्यात तो दोन-तीन नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) संपतो. मग एकमेकांना दूर ठेवायला कणांकडे काही उरत नाही. ते चिकटतात, गठ्ठे होतात, तळाला बसतात. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची, ते हेच. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, तुरटीतलं ॲल्युमिनियम तो मारतं आणि सकाळी गाळ खाली, नितळ पाणी वर. बोअरच्या पाण्यात हा प्रयोग मांडणं म्हणजे आपल्याच हाताने तुरटी फिरवून "कण तरंगत का नाहीत" म्हणून विचारणं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. मात्र बाटलीवर नीट वाचून घ्या, त्याच दुकानात ॲसिडही मिळतं.

पाणी बदललं, तरी बुडबुडे येतात. पोरं 9 व्होल्टची बॅटरी थेट ॲल्युमिनियम फॉइलला जोडतात. पाण्याचं विघटन तत्त्वतः 1.23 व्होल्टलाच होऊ शकतं, दोन-एक व्होल्टच्या पुढे बुडबुडे दिसायला लागतात. ते कणांना ढकलतात आणि पाहणाऱ्याला वाटतं विद्युत क्षेत्राने ढकललं. डीसी लागणारच असेल तर कमी व्होल्टेज, थोडाच वेळ. नाहीतर फंक्शन जनरेटरवरून (हव्या त्या वारंवारतेचा एसी देणारं यंत्र) काही दहा किलोहर्ट्झचा एसी द्या. पण एसीमध्ये भारामुळे होणारी हालचाल पुढे-मागे होऊन शून्यावर येते, त्यामुळे सपाट समोरासमोरच्या पट्ट्या तिथे काही कामाच्या नाहीत. एक टोक अणकुचीदार हवं, म्हणजे क्षेत्र एका जागी दाट आणि दुसरीकडे विरळ होईल. याला डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. शास्त्रज्ञ हर्बर्ट पोल यांनी 1951 मध्ये हे नाव दिलं. यात बल त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलतं. कण निम्मा घेतला की बल आठव्या हिश्श्यावर आणि वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. "बारीक कण घेतले तर चांगलं दिसेल" हा समज इथे अंगाशी येतो. आणि कण टोकाकडे न जाता पळून जात असतील तर ते चुकलं असं नाही. कणाचं विद्युत ध्रुवीकरण (क्षेत्रामुळे आतले धन-ऋण भार वेगळे सरकणं) पाण्यापेक्षा कमी असलं की तो दाट क्षेत्रापासून दूरच जातो. बेकरीचं यीस्ट घेऊन वारंवारता बदलत पाहा, दोन्ही वागणुकी दिसतील.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. गेल्या वर्षी एक मुलगी मायक्रोस्कोपखालचा व्हिडिओ घेऊन आली. सगळे कण छान एका दिशेला वाहत होते. मी म्हटलं, बटण बंद कर. बंद केलं तरी कण वाहतच होते! डोक्यावर पंखा, कव्हरस्लिपच्या (थेंबावरच्या पातळ काचेच्या) कडा उघड्या, थेंब कडेने सुकत होता आणि पाणी कडेकडे ओढलं जात होतं. नेलपॉलिशने कडा बंद केल्यावर सगळं शांत झालं. बटण बंद करून बघणं आणि तारा उलट्या जोडून बघणं या दोन परीक्षा आधी घ्याच.

पण तारांच्या परीक्षेतूनही एक चोर निसटतो. मॉस्कोत रॉइस या शास्त्रज्ञांनी 1809 मध्ये छापलेल्या प्रयोगात ओल्या चिकणमातीचे कण धन टोकाकडे गेले होते आणि त्याच वेळी पाणी ऋण टोकाकडे सरकलं होतं. आपल्या स्लाइडच्या काचेवरही ऋण भार असतो, म्हणून काचेलगतचं पाणी स्वतःच चालायला लागतं. कडा बंद असल्या की ते मधून परत फिरतं. तारा उलटल्या की हा प्रवाहही उलटतो, मग कण फिरला की पाणी फिरलं, कसं ओळखणार? फोकस वरखाली करा. काचेजवळचे कण एकीकडे आणि मधले दुसरीकडे जाताना दिसले तर समजायचं की पाणी चालतंय. रुंद, सपाट, बंद पोकळीत वरच्या आणि खालच्या काचेपासून खोलीच्या साधारण 21 टक्के अंतरावर पाणी स्थिर असतं. कणाचा खरा वेग तिथेच मोजायचा.

चुंबकवाल्यांची चूक साधी आहे. दोन सारखी चुंबकं समोरासमोर आकर्षणात ठेवून बरोबर मध्ये स्लाइड ठेवतात. उसाच्या सऱ्या पडाव्यात तशा कणांच्या माळा लागतात, पण जागचं कोणी हलत नाही. एकसमान क्षेत्र कणांना रांगेत उभं करतं, ओढत नाही. ओढायला क्षेत्रात चढ-उतार लागतो. एक चुंबक काढा, दुसऱ्याला खिळा चिकटवून त्याचं टोक जवळ आणा.

प्रिंटरचा टोनर (शाईची भुकटी) तेलात कालवून "फेरोफ्लुइड", म्हणजे चुंबकाकडे ओढला जाणारा द्रव, करणाऱ्यांना एवढंच : प्रत्येक टोनर चुंबकीय नसतो, आधी पुडीला बाहेरून चुंबक लावून बघा, आणि मास्क घाला. खऱ्या फेरोफ्लुइडचे मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) कण 10 नॅनोमीटरच्या आसपास असतात, म्हणून ते बसत नाहीत. 10 मायक्रॉनचा मॅग्नेटाइट कण पाण्यात सेकंदाला सुमारे पाव मिलिमीटर खाली जातो. चहा पिऊन येईपर्यंत बाटली रिकामी दिसते.

आणि चुंबक थेट भुकटीत बुडवू नका, आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. माझ्या टेबलावरच्या निओडिमियम चुंबकाला दोन वर्षांपूर्वीची भुकटीची दाढी अजून आहे.