सदोष वस्तूचे पैसे दुकानातून परत मागताना या चुका टाळा

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही ६,२५० रुपयांचा मिक्सर घेतला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, भाऊ जेवायला येणार म्हणून इडलीचा घाट घातला होता. चटणीच्या भांड्यात ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर आणि वाटीभर पाणी घालून बटण फिरवलं. अर्ध्या मिनिटात भांड्याच्या तळातून हिरवट पाणी मोटरच्या खाचेत उतरलं आणि जळका वास सुटला. मी मिक्सर बंद केला, प्लग काढला आणि चटणी शेवटी खलबत्त्यात कुटली.

सणाची दोन दिवस सुट्टी संपल्यावर दुकानात गेले. काउंटरवर माझं पहिलंच वाक्य होतं, "अहो, हा मिक्सर मला काही पसंत पडला नाही." दुकानदारांनी माझंच बिल उलटं करून बोट ठेवलं: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' "ताई, वापरलेली वस्तू पसंत नाही म्हणून कशी परत घेणार?" मी मिक्सर घेऊन घरी आले.

त्या मिक्सरचे पैसे पुढे मिळाले, पण सव्वा महिना गेला. त्यातला बराचसा वेळ माझ्याच चुकांमुळे गेला. त्या चुका इथे सांगते, कारण ओळखीपाळखीतल्या बायका-पुरुषांकडून मी त्याच पुन्हा पुन्हा ऐकते.

चूक पहिली: 'पसंत नाही' म्हणणं

सगळं घोडं इथेच अडतं. वस्तू आवडली नाही, रंग घरच्यांना रुचला नाही, दुसरीकडे स्वस्त मिळाली, अशा कारणांसाठी दुकानदाराने पैसे परत द्यावेत असं कायदा म्हणत नाही. मोठी दुकानं सात किंवा पंधरा दिवसांत बदलून देतात ते त्यांच्या धोरणामुळे. ते धोरण घेण्याआधी विचारून घ्यावं, नंतर त्यावरून भांडू नये.

वस्तूत दोष असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यांतली कोणतीही उणीव म्हणजे दोष. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणं, ही त्याच कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. त्यासाठी बिलावर मुदत छापलेली असेल तर ती, आणि काहीच छापलेलं नसेल तर ३० दिवस. बिलामागच्या त्या ठशाने हा हक्क जात नाही. ग्राहक आयोगांनी असे ठसे वेळोवेळी चुकीचे ठरवले आहेत.

म्हणून काउंटरवर दोष सांगा, आणि नेमका सांगा. 'मिक्सर बरोबर चालत नाही' यात काही सापडत नाही. 'चटणीच्या भांड्याच्या तळातून पाणी गळून मोटरमध्ये जातं' हे कुणालाही दोन मिनिटांत करून दाखवता येतं. साडीचं तेच. 'अंगावर नीट दिसत नाही' आणि 'पहिल्याच पाण्यात काठाचा रंग पदरावर उतरला' या दोन तक्रारींना दुकानात वेगवेगळी वागणूक मिळते, आणि ते रास्तही आहे.

इथेच एक सांगून ठेवते. वस्तू कशासाठी हवी ते घेतानाच बोला. "पावसात रोज घालायला चप्पल हवी" असं सांगितलं, दुकानदाराने तीच काढून दिली आणि आठवड्यात तळ सुटला, तर तुमची बाजू पक्की होते. १९३० च्या माल विक्री कायद्यातही हे तत्त्व आहे: गिऱ्हाइकाने गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असेल, तर माल त्या कामाला येण्याजोगा असायला हवा. जमलं तर बिलावर 'पावसाळी' असा शब्द लिहून घ्या.

चूक दुसरी: कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानणं

"पक्कं बिल हवं तर जीएसटी लागेल, नाहीतर याच भावात देतो." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. दोन-तीनशे रुपये वाचतात आणि वस्तू कुठून, कधी, कितीला घेतली याचा पुरावा जातो. कच्च्या चिठ्ठीवर बहुतेकदा दुकानाचं नावही नसतं. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा मागायला संकोच नको. बिलावर तारीख, वस्तूचं मॉडेल आणि जीएसटी क्रमांक आहे का ते तिथेच बघा. हा क्रमांक १५ आकडे-अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने.

चिठ्ठीच असली तरी हातपाय गाळू नका. यूपीआयने किंवा कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेतली नोंद, दुकानदाराशी झालेले व्हॉट्सॲप संदेश, खोक्यावरचा सीरियल नंबर, हे सगळं धरून ठेवा.

आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. हल्ली बिलं थर्मल कागदावर छापतात. तो कागद उष्णतेने पुसट होतो. स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलेलं माझ्या सासूबाईंचं कुकरचं बिल पावसाळा संपेपर्यंत कोरं झालं होतं, नुसता गुळगुळीत पांढरा कागद.

चूक तिसरी: 'कंपनीकडे जा' हे ऐकून घेणं

"आम्ही नुसते विकतो, दोष कंपनीचा." पैसे तुम्ही दुकानदाराला दिले, बिल त्याने फाडलं. कंपनीची वॉरंटी तुम्हाला वरचा आधार म्हणून मिळालेली असते. दुकानदाराची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. तक्रार दोघांकडेही करा, पण दुकानातून तोंडी उत्तर घेऊन बाहेर पडू नका.

मी तशीच बाहेर पडले. दुकानदारांनी दिलेल्या पत्त्यावर, सर्व्हिस सेंटरला, मिक्सर टाकला. तिथल्या मुलाने जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, 'जनरल सर्व्हिसिंग' असं खरडलं, मी सही केली. आठ दिवसांनी मिक्सर आला, पुन्हा गळायला लागला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा जॉबशीट वाचून बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं की पहिल्या कागदावर गळतीचा उल्लेखच नाही. उद्या कुणी विचारलं असतं तर कागदोपत्री मी चार दिवसांच्या नव्या मिक्सरची सर्व्हिसिंग करून घेतली होती. या खेपेला मी अडून बसले. "भांड्याच्या तळातून पाणी गळतं, दुसरी वेळ" हे त्याच्याकडून लिहून घेतलं, त्याने सही-शिक्का दिला, मी फोटो काढला. तेव्हा हा कागद मला जास्तीचा वाटला होता. शेवटी दुकानदार नरमले ते यानेच.

दुरुस्ती कबूल करायची तर करा, पण हातचे दिवस मोजत राहा. सर्व्हिस सेंटरच्या दोन फेऱ्यांत माझे १८ दिवस गेले आणि ३० दिवसांतले फार थोडे उरले.

चूक चौथी: सगळं तोंडी ठेवणं

दुकानात आवाज चढवून काही मिळत नाही. गिऱ्हाइकांची गर्दी असली की दुकानदार अजूनच ताठ होतो. साधा अर्ज लिहून न्या, दोन प्रती. एक त्यांना द्या, दुसरीवर पोच घ्या. माझा अर्ज एवढाच होता:

'तुमच्या दुकानातून पाडव्याला घेतलेल्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्याच्या तळातून पहिल्याच वापरात पाणी गळून मोटरमध्ये गेले. दोनदा दुरुस्ती करूनही दोष कायम आहे. जॉबशीटची प्रत जोडली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेऊन ६,२५० रुपये सात दिवसांत परत करावेत. मिक्सर, तिन्ही भांडी आणि खोके देण्यास मी तयार आहे.'

शेवटचं वाक्य विसरू नका. वस्तू परत द्यायची तुमची तयारी आहे हे लेखी असावं. त्यासाठी खोकं, थर्माकोल, पुस्तिका महिनाभर तरी टाकू नका. खोकं नाही म्हणून हक्क जात नाही, पण हुज्जतीला एक निमित्त मिळतं.

पोच मागितली तेव्हा दुकानदार म्हणाले, "सही कशाला, आपण घरचीच माणसं." मी म्हटलं, "काका, घरच्यांकडून तर आधी घेते." सही मिळाली. मिळत नसेल तर तोच अर्ज टपालाने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सॲप, ईमेलही चालेल, तारीख-वेळेची नोंद आपोआप राहते.

चूक पाचवी: क्रेडिट नोट हातात पडली की गप्प बसणं

"पैसे नाही देता येणार, एवढ्या रकमेचं दुसरं काहीही घ्या." क्रेडिट नोट म्हणजे तेवढ्या रकमेचा माल तिथूनच घ्यायची चिठ्ठी. त्या दुकानातून तुम्हाला खरोखर काही हवं असेल तर हरकत नाही. नको असेल तर सदोष मालाबद्दल पैसेच मागा, नम्रपणे आणि त्याच शब्दांत. क्रेडिट नोटवर मुदत असते, सेलच्या मालावर ती चालत नाही, शाखा बंद झाली तर कागद उरतो. सेलमध्ये घेतलेल्या वस्तूबद्दलही लोक आपणहून माघार घेतात. किंमत कमी होती म्हणून फाटलेला सदरा चालवून घ्यावा असं नाही. दोष दाखवून, त्यासाठीच सूट देऊन विकला असेल तर मात्र तक्रार टिकत नाही.

साडीबद्दल थोडं. फॉल-पिको झाल्यावर साडी परत करणं फार अवघड होतं, म्हणून शिवायला टाकण्याआधी ती दिवसाउजेडी पूर्ण उलगडून बघा, पदर ते आतला भाग. पांढरा रुमाल ओला करून काठावर, आतल्या बाजूने, घासा. रुमालाला रंग लागला तर त्याच दिवशी दुकान गाठा.

ऑनलाइन खरेदीतल्या दोन गोष्टी

'नो रिटर्न' लिहिलेलं बघून सोडून देऊ नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. पार्सल उघडतानाचं चित्रीकरण पत्त्याच्या चिकटपट्टीपासून सुरू करा, मधे थांबवू नका.

दुसरी गोष्ट काळजीने सांगते. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून लावू नका. भामटे खोटे नंबर पेरून बसलेले असतात. नंबर ॲपमधून किंवा बिलावरून घ्या. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, मोबाइलचा पडदा कुणाला दाखवावा लागत नाही. यातलं काहीही मागितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

चूक सहावी: 'ग्राहक मंच म्हणजे कोर्टकचेरी' म्हणून सोडून देणं

सात दिवस उलटले, दुकानातून उत्तर नाही. मी १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला. हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्याशी बोलून मिटवायचा प्रयत्न करते. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संस्था १९७५ पासून ग्राहकांसाठी काम करते आहे, त्यांचं मार्गदर्शनही घेता येतं.

तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक अजून 'मंच' म्हणतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. नागपूरच्या माणसाने पुण्यात घेतलेल्या वस्तूसाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्याही दाखल होते. तक्रार द्यायची मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने, असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची मनाची तयारी ठेवा. दुकान चालवायला, पुन्हा विकायला घेतलेला माल यात बसत नाही. पण एकट्याने पोटापाण्यासाठी शिवणयंत्र घेतलं असेल तर ते बसतं.

चूक सातवी: पैसे यायच्या आधी सही करणं

१९१५ ला फोन केल्यावर साधारण दहा दिवसांनी दुकानातून निरोप आला. आधी क्रेडिट नोट पुढे केली, मी नको म्हटलं. मग दुकानदारांनी दुसरं जॉबशीट हातात घेऊन नीट वाचलं, मुलाला हाक मारली आणि मिक्सर आत नेला. एक टाइप केलेला कागद पुढे आला: 'मला पूर्ण रक्कम मिळाली असून माझी कोणतीही तक्रार नाही.' "सही करा ताई, संध्याकाळपर्यंत पाठवतो."

मी म्हटलं, "मी थांबते, काका." बाकावर वीस मिनिटं बसले. मोबाइल वाजला, ६,००० रुपये जमा. मी तो संदेश आणि बिल शेजारी शेजारी ठेवले. "बाकीचे अडीचशे?" "खोक्याचा कोपरा फाटलाय." मी फक्त अर्जाची पोच काढून काउंटरवर ठेवली, तिथे ६,२५० लिहिलेलं होतं. त्यांनी गल्ल्यातून अडीचशे काढून दिले. मोजून घेतले, कागदावर तारीख आणि मिळालेली रक्कम माझ्या हाताने लिहिली आणि मग सही केली. त्या कागदाची एक प्रत मागून घेतली.