चार घाटांचा सायकल लूप: या चुका टाळा

भोरहून निघायचं, मांढरदेवीचा घाट ओलांडून वाईत उतरायचं, पसरणी चढून पाचगणी, महाबळेश्वर. तिथून आंबेनळीने खाली पोलादपूर, मग महाड, आणि वरंधा चढून परत भोर. साधारण २०० किलोमीटर. दोनशेच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तास मिळतात, म्हणून पहाटे पाचला निघालो तर संध्याकाळी साडेसहाला भोरात चहा, असा हिशेब मीही पहिल्या वेळी मांडला होता. तो महाडला मोडला.

कारण इथे किलोमीटर मोजून काही कळत नाही, मीटर मोजावे लागतात. भोर सुमारे ६०० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास, आणि पोलादपूर, महाड जवळजवळ समुद्रसपाटीला. मांढरदेवी, वाई ते महाबळेश्वर आणि वरंधा हे तिन्ही चढ प्रत्येकी सहाशे मीटर किंवा त्याहून जास्त. मधले छोटे चढउतार वेगळे. फोनवरचा नकाशा गाडीची वेळ दाखवतो, तिचा आपल्याला काही उपयोग नाही. घाटात ताशी ८ किलोमीटर धरा आणि कागदावर प्रत्येक ठिकाणासमोर वाजलेली वेळ लिहा. मग पाहा, महाडसमोर किती वाजतात.

बहुतेकांचा एक ते दोन वाजतो. खरी चूक इथेच होते. वरंध्याची कोकणाकडची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी तिथे डोंगराची सावली असते, दुपारी ऊन सरळ अंगावर येतं आणि वर कोकणातला दमटपणा. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मी दोनच्या सुमारास वरंध गाव सोडलं आणि चौथ्या का पाचव्या वळणावर दोन्ही मांड्यांत एकदम गोळे आले. बूट पॅडलला अडकवणारी क्लीट निघेना, सायकलसकट कठड्याला टेकलो. मागून येणारा एक टेम्पोवाला थांबला. "दादा, टाका मागं, वर सोडतो." जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे आणि बाटलीत नुसतं साधं पाणी, एवढं बघूनच त्याला सगळं कळलं असावं.

गोळे आल्यावर जोर लावून पॅडल मारू नका. उतरा, पाय ताणा, सावलीत बसा, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस घोट-घोट घ्या. पण हे आधी सुरू करायचं असतं. पोलादपूरला पोचलात की एक बाटली ओआरएसची करा, तहान लागो न लागो. आणि महाडला भरपेट थाळी जेवून लगेच घाटाला लागू नका. वरणभात, ताक, अर्धा तास पाठ टेकणं, एवढं पुरे.

माझं मत विचाराल तर हा लूप दोन दिवसांचाच. महाडला मुक्काम करा, पहाटे उजाडताना वरंध्याला लागा. त्याच वळणांवर, त्याच पायांनी, निम्मासुद्धा त्रास होत नाही. एका दिवसातच करायचा हट्ट असेल तर भोर पहाटे चारला सोडा, महाडला तीनपर्यंत थांबा आणि शेवटचे चाळीसेक किलोमीटर अंधारात होणार हे धरून चला. वाघजाईच्या देवळापाशी भजी, चहा, सरबताच्या टपऱ्या असतात, पण संध्याकाळी त्या उघड्या असतील या भरवशावर बाटल्या रिकाम्या करू नका. पुढे निरा देवघरच्या पाण्याकडेने रस्ता बराच वेळ सुनसान आहे.

उलट्या दिशेने जाण्याची चूकही बरेच जण करतात. वरंधा सकाळी उतरायला छान वाटतो, पण मग भर दुपारी पोलादपूरहून महाबळेश्वरपर्यंत तेराशे मीटर चढायचे राहतात.

गिअरबद्दल एकच. मागच्या चाकाला ११-२८ कॅसेट (११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच) लावून आला असाल तर पुढच्या ३४ दातांच्या लहान चेनरिंगवर पॅडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारायला ताशी ९ किलोमीटरचा वेग लागतो. दमलेल्या पायांना तो टिकत नाही, मग फेऱ्या चाळीसवर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट असेल तर तेच ताशी साडेसात किलोमीटरला जमतं. त्यासाठी डिरेल्युअरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) केज लांब लागतो का, हे दुकानात आधी विचारा.

आंबेनळीचा उतार लांब आहे. ब्रेक सतत हलके दाबून धरू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, म्हणून वाडा कुंभरोशीला पाच मिनिटं थांबाच. डिस्क ब्रेक असतील तर त्यांच्या चकतीला बोट लावून बघायचा मोह मात्र आवरा. महाबळेश्वर सोडताना घामट जर्सीच्या आत वर्तमानपत्राचं पान सरकवा. जुना उपाय आहे, विंडचीटरच्या आतही चालतो.

तारीख ठरवताना तीन गोष्टी पाहा. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा बंद ठेवण्याचे आदेश निघतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा असते, त्या दिवसांत तो घाट विसरा. आणि स्ट्रॉबेरीच्या हंगामातला शनिवार-रविवार म्हणजे पाचगणीपासून गाड्यांची रांग, धूर आणि आरसे हाताला लागणार. वरंधा चालू आहे का, हे नकाशाला विचारू नका. भोरच्या एसटी स्टँडवर महाडची गाडी कालपरवा गेली का, एवढं विचारा.

महाबळेश्वरला पोचलात की सायकल टेकवा आणि घड्याळ पाहा. अकरा वाजून गेले असतील, पाय जड असतील, ब्रेकचे पॅड झिजले असतील, तर पसरणीने वाईला परत फिरा. आंबेनळी एकदा उतरलात की घरी यायला कुठला ना कुठला घाट चढावाच लागतो. माणगावहून ताम्हिणी धरलात तरी.