टर्बो सेडान रोजची आणि ट्रॅकचीही: सुरुवात ब्रेक ऑइलपासून

नाशिकमध्ये टर्बो गाडी घेतली की लोक दोनच गोष्टी विचारतात: ॲव्हरेज किती देते आणि रीमॅप (इंजिनाच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवणं) कधी करतोय? माझी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). ताकद १५० पीएस, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ २५० न्यूटन मीटर. रीमॅपचे पैसे मी बाजूला काढून ठेवले होते. मग एका रविवारी इगतपुरीहून कसारा घाट जरा जोशात उतरलो आणि खालच्या वळणांवर ब्रेकचं पेडल भिजलेल्या स्पंजासारखं लागलं. गाडी थांबली, पण मला हवी होती त्याच्या बरीच पुढे.

दुसऱ्या दिवशी अंबडच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या बाटलीवर टॉर्च मारला आणि म्हणाले, "दादा, हे ऑइल आहे का कोरा चहा?" गाडी तीन वर्षांची, ऑइल कंपनीतून आलं तेच. चूक माझीच. गाडीवर कामं करायचा खालचा क्रम त्या दिवसानंतर लागलेला आहे.

१. आधी आहे ती गाडी ठणठणीत करा

इंजिन ऑइल, एअर फिल्टर, प्लग, कूलंटची पातळी, इंजिन माउंटिंग, टर्बोच्या पाइपांचे क्लॅम्प. स्कॅनर लावून जुने एरर कोड वाचून घ्या. शर्यतीच्या ट्रॅकवर नवीन दुखणी फारशी येत नाहीत, दबलेली वर येतात.

२. ब्रेक: इथे हात आखडू नका

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डीओटी ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; ओलावा मुरला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात किंवा ट्रॅकवर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की हे ऑइल आत उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. डीओटी ५.१ घेतलं तर हेच आकडे किमान २६० आणि १८० होतात. नावात जवळचं असलं तरी डीओटी ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते या गाड्यांत चुकूनही घालू नका. रोजच्या गाडीला दोन वर्षांनी आणि ट्रॅकला जाणार असाल तर जाण्याआधी, चारही चाकांवर ब्लीडिंग करून (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून) ऑइल बदला. इगतपुरीचा पाऊस रोज खाणाऱ्या गाडीला तर याबाबत सवलत नाहीच.

मग पॅड. निव्वळ रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीला घालू नका. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत आणि निफाडला पारा एक आकडी होतो त्या पहाटे पहिला सिग्नल महागात पडेल. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड पुढच्या चाकांना पुरतात. व्हर्टसला मागे ड्रम आहेत, त्यावरून लोक नाकं मुरडतात. पण जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं आणि मोठं काम पुढच्या डिस्कच करतात.

पॅड बसवल्यावर ते मुरवावे लागतात. मागे कोणी नाही अशा रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. नंतर दहा मिनिटं ब्रेकला हात न लावल्यासारखी गाडी चालवून सगळं गार होऊ द्यायचं. मी ही पायरी एकदा आळसाने टाळली होती. डिस्कवर ठिकठिकाणी थर चिकटला आणि महिनाभर स्टिअरिंग थरथरत होतं.

३. टायर

माप वाढवण्याआधी प्रत वाढवा. २०५/५५ आर १६ याच मापात चांगल्या पकडीचा टायर घातला तर गाडी वळते, थांबते आणि ॲव्हरेजही फार पडत नाही. रुंद टायर आणि मोठा रिम हा कॉलेज रोडवरचा शौक आहे. गंगापूर रोडच्या पावसाळी खड्ड्यात रिम वाकतो तेव्हा शौकाची किंमत कळते.

ट्रॅकवर हवेकडे लक्ष ठेवा. टायर तापतो तसा दाब वाढतो, साधारण दहा अंश सेल्सिअसला दीड पीएसआय. थंड असताना ३२ भरून निघालात तर काही फेऱ्यांत ३८ च्या पुढे जाईल आणि गाडी घसरू लागेल. फेऱ्या मारून आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि ३५ च्या आसपास आणा. परतीला निघण्याआधी हवा पुन्हा भरा, हे विसरणारे बरेच असतात. स्वतःचा गेज जवळ ठेवा.

४. सस्पेन्शन

गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आहे, तो आपल्या स्पीडब्रेकरांसाठीच दिलाय. स्प्रिंग छोट्या करायच्याच असतील तर त्याला जुळणारे शॉकअपही घाला. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली तर गाडी उड्या मारते. नंतर व्हील अलाइनमेंट. मी स्प्रिंगला हात लावलेला नाही आणि अजून पस्तावलोही नाही.

५. उष्णता

टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेने इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकतं. ते टाळायला ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणून मेच्या दुपारी गाडी सुस्त वाटते. या इंजिनाचा इंटरकूलर (ही दाबलेली हवा गार करणारा भाग) पाण्याने थंड होतो. त्यामुळे 'पुढे मोठा इंटरकूलर बसवून टाका' हा सल्ला इथे सरळ लागू पडत नाही. योग्य कूलंट, रेडिएटरच्या जाळ्यांतली माती-पाकोळ्या साफ आणि ट्रॅकवर पाच-सहा वेगवान फेऱ्यांनंतर एक निवांत फेरी, हा उपाय स्वस्त आहे. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवा.

६. आता रीमॅप, हवाच असेल तर

कोणी सहसा सांगत नाही ती गोष्ट: व्हर्टसचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठीच बनवलेला आहे आणि कंपनी इंजिनातून २५० काढतेच. म्हणजे गिअरबॉक्समध्ये कागदावर शिल्लक शून्य. तरीही करायचं असेल तर टॉर्क खालच्या आरपीएमला न चढवता वरच्या आरपीएमला थोडी ताकद देणारा मॅप मागा, आणि करण्याआधी व केल्यानंतर डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख घ्या.

मॅप कोणत्या पेट्रोलवर केलाय हेही विचारा. १०० ऑक्टेनवर केलेला मॅप घेऊन रात्री वाटेतल्या पंपावर साधं पेट्रोल भरलं तर वाढलेली ताकद तिथेच उतरते. आणि चढावर सहाव्या गिअरला १५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबू नका. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत यानेच पिस्टन फुटू शकतो. गिअर खाली घ्या.

७. कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत आहे त्याहून वेगळा बदल परस्पर करता येत नाही. कर्कश सायलेन्सरवर दंड वेगळा. विमा कंपनीला बदल कळवा आणि पॉलिसीतलं 'वापराच्या मर्यादा' हे कलम वाचा: शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च खिशातून, हे धरूनच जा.

८. ट्रॅकचा दिवस

आपल्याला जवळचा म्हणजे तळेगावजवळचा नानोली स्पीडवे. चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा कोइंबतूरचा करी स्पीडवे म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर, तेही ज्या गाडीने गेलो तिनेच परत यायचं. डिकी रिकामी करा, पायाखालच्या मॅट काढा, हेल्मेट आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) घ्या.

फेऱ्या संपल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गार होताना तो धरून बसतो. गाडी 'पी' मध्ये टाका, चाकाखाली वीट सरकवा. पंधरा-वीस मिनिटांनी चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरवर तपासा. मी पहिल्यांदा तपासले तेव्हा पुढच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट जवळजवळ पाव फेरा फिरला होता, आणि त्याच चाकावर मला रात्री नाशिक गाठायचं होतं.