केंद्राचा रिपोर्ट ग्रुपवर टाकताय? फाईल नको, लिंक पाठवा

जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर हे माहितीच असेल. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी पटसंख्येची एक्सेल टाकतं, एक सर त्यात आपली शाळा भरून परत टाकतात, तोवर दुसऱ्या मॅडमनी जुन्याच फाईलमध्ये भरलेलं असतं, आणि शेवटी 'फायनल', 'फायनल २' आणि 'नवीन फायनल' समोर ठेवून केंद्रप्रमुख विचारतात की यातली खरी कुठली.

त्यापेक्षा रिपोर्ट गूगल शीटमध्ये एकदाच ठेवा आणि लिंक द्या. कॉम्प्युटरवर शीट उघडलं की वर उजवीकडे 'शेअर' दिसतं, तिथे ज्याला द्यायचंय त्याचा जीमेल टाकायचा आणि शेजारी व्ह्यूअर, कमेंटर, एडिटर यातलं एक निवडायचं. आकडे भरणाऱ्यांना एडिटर, नुसतं बघणाऱ्यांना व्ह्यूअर. सगळ्यांना एडिटर करून ठेवलं की कोणाचा तरी अंगठा चुकीच्या रकान्यावर पडणारच (पडला तर फाईल मेनूत व्हर्जन हिस्टरी आहे, तिथून आधीचं परत आणता येतं, घाबरू नका). शाळावार टॅब केलेत तर टॅबच्या नावावर राइट क्लिक करून 'प्रोटेक्ट शीट' लावा, म्हणजे ज्याची शाळा त्यालाच बदलता येईल.

खाली 'जनरल ॲक्सेस' असतं ते 'रिस्ट्रिक्टेड'च राहू द्या. जीमेल गोळा करायचा कंटाळा येतो म्हणून आपण 'एनीवन विथ द लिंक' करतो आणि मग ती लिंक फॉरवर्ड होत होत कुठे जाते ते आपल्याला कळतही नाही.

आता प्रत्येकाला आपापलीच शाळा बघायची असते, त्यासाठी वेगळी फाईल काढू नका. डेटा मेनूत जाऊन 'क्रिएट फिल्टर व्ह्यू' करा, यु-डायस कोडच्या (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाच्या) रकान्यावर त्या शाळेचा ११ अंकी कोड निवडा (आपल्याकडचे २७ ने सुरू होतात ते), व्ह्यूला शाळेचं नाव देऊन सेव्ह करा आणि मग वर ॲड्रेस बारमधली लिंक कॉपी करा. त्या लिंकच्या शेवटी एफव्हीआयडी (fvid) आणि पुढे एक नंबर आलेला दिसेल. ती लिंक उघडली की थेट त्याच शाळेच्या ओळी समोर येतात आणि बाकीच्यांचं शीट आहे तसंच राहतं. साधा फिल्टर लावलात तर तो सगळ्यांनाच लागतो, मग 'माझी शाळा गायब झाली' म्हणून फोन सुरू.

पण फिल्टर किंवा हाईड म्हणजे कुलूप नाही हां, हे मी स्वतः उशिरा शिकलो. मुलांची नावं आणि आधार नंबर असलेला टॅब मी नुसता हाईड करून व्ह्यूअर लिंक दिली होती, एका सरांनी फाईलची कॉपी केली आणि कॉपीत तो टॅब अनहाईड करून मलाच दाखवला! शेअरच्या खिडकीत सेटिंगचं चाक असतं, तिथे व्ह्यूअरचं डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करता येतं, तरी स्क्रीनशॉट कोण थांबवणार.

म्हणून मुलांची नावं, आधार, जात, दिव्यांगत्व हे असलेली मूळ फाईल वेगळीच ठेवा आणि केंद्राला द्यायची फाईल वेगळी, त्यात फक्त इयत्तावार मुलं-मुली किती, उपस्थिती किती, चाचणीत कुठल्या स्तरावर किती एवढंच. दरवेळी हाताने भरायचं नसेल तर मूळ फाईलमध्ये बेरजेचा टॅब करून 'इम्पोर्टरेंज' (IMPORTRANGE) या फॉर्म्युल्याने तेवढाच भाग नव्या फाईलमध्ये ओढता येतो, पण एकदा परवानगी दिली की नव्या फाईलचा एडिटर मूळ फाईलमधलं काहीही ओढू शकतो, त्यामुळे त्या नव्या फाईलवर सगळे व्ह्यूअरच ठेवायचे. मी तर सरळ बेरजा कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज (फॉर्म्युला नाही, नुसते आकडे) करतो, पाच मिनिटांचं काम, डोक्याला ताप नाही.

आणि कोणाची बदली झाली की त्याच दिवशी शेअरच्या यादीतून त्यांचं नाव काढा. माझ्या एका यादीत दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात गेलेले सर अजून एडिटर होते.